मुलीच्या बाळंतपणाला कॅनडा: कार्डाच्या पॉइंटांवर नागपूरहून तिकीट निघेल का?

खामल्याच्या_काकू | ६ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊनच वाचा.

माझी मोठी लेक मिसिसागाला असते, टोरंटोच्या शेजारी. मार्चच्या शेवटी तिचं बाळंतपण. मी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात जाणार हे पक्कं, व्हिसा मागच्या वर्षीच झालाय. आमच्या ह्यांचं गांधीबागेत कापडाचं होलसेल आहे, त्यांना लगीनसराईत दुकान सोडवत नाही. बारशाला दहा-बारा दिवस येतो म्हणतात. बघू.

आता मुद्दा. ह्यांच्या नावावर ॲक्सिस बँकेचं ॲटलास क्रेडिट कार्ड आहे. मेमध्ये धाकट्याचं लग्न झालं तेव्हा ते कार्ड अक्षरशः झिजवलं. लॉनवाल्यानं कार्ड घेतलं, वऱ्हाडाच्या हॉटेलचं बिल कार्डावर गेलं. केटररनं दोन टक्के वर मागितले म्हणून त्याला चेक दिला. इतवारीच्या सराफ्यात सोनं घेतलं तेही ह्यांनी मोठ्या हौसेनं कार्डावर घेतलं आणि त्याचा एकही पॉइंट आला नाही, हे मला दोन महिन्यांनी कळलं. तरी सगळं मिळून ४३,६०० एज माइल्स (त्या कार्डाचे पॉइंट) जमलेत.

माझा पुण्याचा भाचा म्हणतो, मावशी, व्हाउचर घे, मायक्रोवेव्ह येईल. शेजारच्या घरची सून म्हणते, काकू, वेड्या आहात का, विमान कंपनीकडे पाठवा, दुप्पट होतात. आणि आमचे हे म्हणतात, फुकट काही मिळत नसतं, पडले आहेत ते पडू दे.

मी तीन दिवस मोबाइलवर वाचून राहिले आणि डोक्याचं पार पिठलं झालंय. मला एवढंच सांगा: ह्या पॉइंटांत माझं जाण्या-येण्याचं तिकीट निघतं का? निघत असेल तर कोणत्या कंपनीकडे पाठवायचे? खातं माझ्या नावानं उघडायचं ना, प्रवास मी करणार आहे तर? आणि नागपूरहून तिकीट मिळतं की मुंबईपर्यंतचं माझं मी बघायचं? परदेशात एकटी पहिल्यांदाच जाते आहे. इंग्रजी समजतं, पण विमानतळावर भोंग्यातून बोलतात ते इंग्रजी समजत नाही.

---

हिशेबनीस | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.१२

काकू, आधी एक विचारतो. लग्नाचं बिल त्याच महिन्यात पूर्ण भरलं ना? कारण थकबाकीवर महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. लोक पाच हजारांचे पॉइंट कमवायला पंधरा हजारांचं व्याज भरतात आणि वर विमानाचा फोटो टाकतात. बिल पूर्ण भरलं असेल तर माझं काही म्हणणं नाही, पुढचं जाणकार सांगतील.

---

खामल्याच्या_काकू | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.३०

व्यापाऱ्याचं घर आहे, भाऊ. व्याज घ्यायची सवय आहे, द्यायची नाही.

---

सोनेगावकर | ६ नोव्हेंबर, रात्री ९.०५

ताई, तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी हाच तमाशा झाला होता. मी वीज मंडळातून निवृत्त, मुलगा टोरंटोला. २०२३ मध्ये आम्ही दोघं पॉइंटांवरच जाऊन आलो. त्यामुळे सांगतो ते अंगावर घेतलेलं आहे.

सगळ्यात आधी, खातं तुमच्या नावानं उघडू नका. कार्ड यजमानांच्या नावाचं, तर विमान कंपनीचं सभासद खातंही त्यांच्याच नावाचं लागतं. बँक पॉइंट पाठवते ते कार्डधारकाच्या स्वतःच्या खात्यात. एकदा त्यांच्या खात्यात गेले की तिथून ते तुमचं तिकीट काढू शकतात, त्याला आडकाठी नाही. नावाची स्पेलिंग मात्र कार्डावर आणि खात्यावर एकच हवी. आपल्याकडे ही मोठी भानगड असते. एकीकडे वडिलांचं नाव मधे असतं, दुसरीकडे नसतं, तिसरीकडे आडनाव आधी. तुमचं तिकीट काढताना तुमचं नाव पासपोर्टावर आहे तसंच्या तसं. बायकांच्या पासपोर्टावर कधी माहेरचं नाव राहून जातं, ते एकदा उघडून बघा.

आता कुठे पाठवायचे. ॲटलासचा एक एज माइल म्हणजे भागीदार कंपनीचे दोन, हे तुमच्या शेजारणीनं बरोबर सांगितलं. पण तिनं एक गोष्ट सांगितली नाही. बँकेनं कंपन्यांचे दोन गट केलेत. सिंगापूर, युनायटेड, एअर कॅनडा, कतार, टर्किश, एतिहाद वगैरे ज्या गटात आहेत, त्या गटात एका कॅलेंडर वर्षात ३०,००० एज माइल्सच पाठवता येतात. म्हणजे ६०,००० मैल. तुमचे ४३,६०० एकदम जाणारच नाहीत. पण वर्ष कॅलेंडरचं आहे, आणि आज नोव्हेंबर आहे. ३० हजार आता, उरलेले एक जानेवारीनंतर. तुमचं नशीब चांगलं की प्रश्न दिवाळीनंतर विचारलात, होळीला नाही. नियम बदलत असतात, पाठवायच्या दिवशी ॲपमध्ये मर्यादा बघूनच घ्या.

कंपनी म्हणाल तर तुमच्या प्रवासाला मी एअर कॅनडाचं एरोप्लान, म्हणजे त्यांची पॉइंटांची सभासद योजना, सांगेन. कारण सांगतो. एअर कॅनडा आणि एअर इंडिया दोघी स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या संघात आहेत (एअर इंडिया २०१४ मध्ये आली). त्यामुळे एरोप्लानच्या पॉइंटांवर एअर इंडियाचं विमानही मिळतं, आणि एअर इंडिया नागपूरला येते. म्हणजे नागपूर-दिल्ली-टोरंटो असं एकच तिकीट निघू शकतं. एक तिकीट म्हणजे बॅग नागपूरला दिली की टोरंटोला घ्यायची, आणि नागपूरचं विमान उशिरा आल्यानं पुढचं चुकलं तर पुढची सोय कंपनीनं करायची. दिल्लीपर्यंतचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून वेगळं काढलंत तर ही जबाबदारी तुमची. पाच तासांचं अंतर ठेवलं तरी माणूस घड्याळच बघत बसतो.

दुसरं कारण जरा मजेशीर आहे. एरोप्लानमध्ये भागीदार कंपन्यांच्या विमानाचा दर अंतराच्या टप्प्यावर ठरतो. आपल्या भागातून उत्तर अमेरिकेसाठी ४,०००, ६,००० आणि ८,००० मैल असे टप्पे. नागपूर-दिल्ली साधारण ५३० मैल, दिल्ली-टोरंटो ७,२४० च्या आसपास. बेरीज ७,८०० च्या आत, म्हणजे आठ हजारांच्या खाली बसतं. तेच तुम्ही नागपूर-मुंबई-फ्रँकफुर्ट-टोरंटो असं गेलात तर बेरीज ८,४०० च्या वर जाते आणि वरचा टप्पा लागतो. तोच प्रवासी, तेच गाव, फक्त मुंबईकडून गेलं म्हणून जास्त पॉइंट. आम्हाला २०२३ मध्ये दिल्लीमार्गे एअर इंडियानं इकॉनॉमीचे माणशी एका बाजूला ५५ हजार लागले होते. आता किती ते तारीख टाकून बघा. एअर कॅनडाच्या स्वतःच्या विमानाचा दर मात्र मागणीप्रमाणे खालीवर होतो, त्याला टप्प्याचा नियम लागत नाही. कधी स्वस्त, कधी डोळे पांढरे.

तिसरं, रोखीचा भाग. पॉइंटांचं तिकीट म्हणजे शून्य रुपये नव्हे. विमानतळाचे कर भरावेच लागतात. काही कंपन्या त्यावर स्वतःचा इंधन अधिभारही लावतात, मग ‘फुकट’ तिकिटाला पंचवीस-तीस हजार मोजावे लागतात. एरोप्लान २०२० पासून तो अधिभार लावत नाही, भागीदाराच्या विमानाला ३९ कॅनेडियन डॉलर बुकिंग शुल्क आणि कर, बस.

बाकी उद्या लिहितो, डोळे दुखून राहिले.

---

मिहानचा_पोट्टा | ६ नोव्हेंबर, रात्री ११.४८

काकू, सोनेगावकर काकांचं बरोबर आहे, पण दिल्लीले काहून जाऊन राहिल्या? आपल्या नागपूरहून कतारचं विमान डायरेक्ट दोहाले जाते. दोहाहून टोरंटो २०२४ च्या डिसेंबरपासून चालू झालं. एकच ठिकाणी बदलायचं. ना दिल्ली, ना ते इकडचं टर्मिनल तिकडचं टर्मिनल. माझी आई गेल्या वर्षी अशीच गेली (ती अमेरिकेले गेली, पण दोहापर्यंत सेम). दोहात उतरली, विमानतळावरचा पिवळा मोठा टेडी दिसला की तिथून गेट विचारायचं, असं मी तिले कागदावर लिहून दिलं होतं. बरोबर पोचली.

कतारचे पॉइंट म्हणजे एव्हिओस. २०२२ पासून त्यायनं ब्रिटिश एअरवेजवालंच चलन घेतलं, दोन्ही खाती जोडली की इकडचे तिकडे करता येतात. ॲटलासमधून जातात, पण त्याच ३० हजारांच्या गटात. तोटा एकच, रोखीचा भाग एरोप्लानपेक्षा जास्त आणि टोरंटोचं विमान रोज नाही. वार जुळला पाहजेन.

---

धरमपेठेची_मुलगी | ७ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

काकू, कुठेही पाठवा, पण सीट दिसल्याशिवाय पाठवू नका. हे मी मोठ्या अक्षरात लिहिते कारण माझे ८० हजार मैल एका कंपनीकडे दोन वर्षं पडून होते. कंपनीचं नाव घेत नाही, चूक माझी होती. बँकेच्या ॲपमध्ये ऑफर दिसली, पंचवीस टक्के जास्त मैल, आजच शेवटचा दिवस. मी रात्री साडेअकराला पाठवून मोकळी झाले. सकाळी तारखा टाकून बघते तर मला हवे त्या महिन्यात त्या मार्गावर पॉइंटांची एकही सीट नाही. पाठवलेले पॉइंट परत येत नाहीत. कार्डात असतात तेव्हा ते वीस कंपन्यांचे असतात, एकदा पाठवले की त्या एकाच कंपनीचे. सगळ्या विमानांत पॉइंटांच्या सीटा नसतात, कंपनी थोड्याच सोडते, आणि त्याही साधारण ३३० ते ३६० दिवस आधीपासून दिसू लागतात. शेवटी मी त्या मैलांवर भलत्याच महिन्यात सासूबाईंना बँकॉकला पाठवलं. त्या खूश आहेत, अजून आल्या-गेल्याला सांगतात. मी नाही.

दुसरी गोष्ट, एखादी सीट स्क्रीनवर दिसते पण पैसे भरायच्या वेळी गायब होते. म्हणून पॉइंट पाठवायच्या आधी प्रवाशाचं नाव भरून शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघायचं. पॉइंट कमी आहेत असं सांगून तिथे अडतं, तोवर गेलात म्हणजे सीट बहुधा खरी.

---

खामल्याच्या_काकू | ७ नोव्हेंबर, दुपारी २.१५

तुम्हा सगळ्यांचे उपकार. सोनेगावकर भाऊ, तुमचं उत्तर मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मुंबईकडून गेलं तर जास्त लागतात, हे ऐकून ते पहिल्यांदा पेपरातून वर बघून म्हणाले, ‘हे कापडासारखंच आहे, सुरतेहून थेट आणलं तर वेगळा भाव आणि मुंबईहून फिरवून आणलं तर वेगळा.’ तेव्हापासून त्यांना यात रस वाटून राहिला आहे. काल रात्री त्यांनी स्वतः खातं उघडलं.

पण आता हिशेब असा दिसतो. ३० हजारांचे ६० हजार होतील. एका बाजूचं तिकीट निघेल. जानेवारीत १३,६०० चे २७,२०० होतील, त्यात दुसरी बाजू निघत नाही. मग एक बाजू पैशानं काढायची का? एकेरी तिकीट महाग पडतं म्हणतात. कोणती बाजू पैशानं आणि कोणती पॉइंटांनी?

आणि एक सांगते, हसू नका. आमच्या जावयांकडे म्हणे एरोप्लानचे भरपूर पॉइंट आहेत, तिकडचं कार्ड आहे त्यांचं. लेक म्हणते, आई, त्यांच्या खात्यातून काढू, एक मिनिटाचं काम आहे. मी नाही म्हटलं. बाळंतपणाला जाणारी आई जावयाच्या पॉइंटांवर गेली, असं आमच्या नणंदेला कळलं तर बारशापर्यंत पुरेल तिला तो विषय.

---

सोनेगावकर | ७ नोव्हेंबर, रात्री ८.५०

ताई, जावयाचं सोडा, त्याचं पुढे बघू. तुमचा खरा प्रश्न कोणती बाजू हा आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेक लोक उलटं देतात. सगळे जाण्याचं तिकीट पॉइंटांनी काढतात, कारण पॉइंट हातात असतात आणि हात शिवशिवतात. तुम्ही परतीचं पॉइंटांनी काढा.

का? तुमची जाण्याची तारीख पक्की आहे. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, त्यात बदल होणार नाही. परतीची तारीख मात्र कोणालाच माहीत नाही. बाळ वेळेवर येईल, आठ दिवस आधी येईल, सिझर होईल, लेकीला दीड महिन्यात उठता येईल की तीन महिने लागतील, यातलं काही आज सांगता येतं का? आमच्या सुनेच्या वेळी बायको दीड महिन्यासाठी म्हणून गेली होती आणि साडेचार महिने राहिली. रोखीचं स्वस्त तिकीट बदलायला गेलं की बदलाचं शुल्क आणि वर त्या दिवशीच्या भाड्यातला फरक. तो फरकच जीव घेतो. पॉइंटांचं तिकीट रद्द केलं की ठरलेलं शुल्क कापून पॉइंट खात्यात परत, कर परत. मग दुसऱ्या तारखेची सीट बघायची. ज्या बाजूची तारीख डळमळीत, तिथे पॉइंट. दुसरं, टोरंटोला उतरल्यावर अधिकारी परतीचं तिकीट विचारू शकतो, तेही हातात राहतं.

आणि परतीची तारीख सहज म्हणूनसुद्धा मेची टाकू नका. पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्रीत सोनेगाव विमानतळावर उतरून काय करणार? मृग लागल्यावर या.

एकेरी महाग पडतं हे रोखीच्या तिकिटाचं खरं आहे, जाऊन-येऊन काढलं तर बाजू स्वस्त बसते. पण पॉइंटांत तसं नाही, एक बाजू म्हणजे बरोबर अर्धे. म्हणून जाण्याचं एकेरी भाडं बघा आणि हा हिशेब करा. समजा एकेरी भाडं ६२ हजार रुपये आहे आणि पॉइंटांच्या तिकिटावर कर-शुल्क मिळून ६ हजार भरावे लागतात. वाचले ५६ हजार. त्यासाठी ५५ हजार मैल, म्हणजे तुमचे २७,५०० एज माइल्स गेले. एका एज माइलचे दोन रुपयांहून थोडे जास्त झाले. तेच बँकेच्या प्रवासाच्या पोर्टलवर वापरले तर एकाचा एक रुपया. मायक्रोवेव्ह त्याहून खाली असणार. ज्या दिवशी हा आकडा एक रुपयाच्या आसपास येईल त्या दिवशी पॉइंट पाठवू नका, रोखीनं तिकीट काढा. कधी कधी भाडंच इतकं पडतं की पॉइंट घालवणं मूर्खपणा ठरतो, आणि हौशी लोकांना ते दिसत नाही.

जानेवारीतले १३,६०० लगेच पाठवू नका. कार्डातच राहू द्या. धरमपेठेच्या ताईंनी सांगितलंय ते लाख मोलाचं आहे. एरोप्लानचे पॉइंट १८ महिने काही हालचाल झाली नाही तर मरतात. आणि बँका पॉइंटांची किंमत रात्रीतून उतरवतात हेही लक्षात ठेवा. याच बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला लाख रुपये खर्च केले की २५ हजार पॉइंट मिळायचे. सप्टेंबर २०२३ मध्ये ते बंद झालं आणि पाच पॉइंटांचे विमान कंपनीकडे चार मैल व्हायचे त्याचे दोन झाले. ज्यांनी चार-चार लाख पॉइंट मुलाच्या शिक्षणासारखे जपून ठेवले होते त्यांचे एका दिवसात निम्मे झाले. म्हणून साठवून ठेवायची ही वस्तू नव्हे. पण पाठवायचे ते कामापुरतेच.

अजून एक: परत येताना एकच तिकीट असलं तरी दिल्लीत बॅगा घ्याव्या लागतात, कस्टममधून काढून पुन्हा द्यायच्या. जाताना तसं नाही. हे आधी माहीत नसलं की माणूस नागपूरच्या पट्ट्यावर बॅगेची वाट बघत उभा राहतो आणि बॅग दिल्लीत. आमचं झालंय.

---

हिशेबनीस | ७ नोव्हेंबर, रात्री १०.०२

कर-शुल्क डॉलरमध्ये भरावं लागेल. भारतीय कार्डावर परकीय चलनाला साधारण साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी. रक्कम लहान आहे, पण माहीत असावं.

बाकी परतीचं पॉइंटांनी काढायचा मुद्दा मला पटला. मी स्वतः असा विचार केला नव्हता.

---

मिहानचा_पोट्टा | ८ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

काकू, मग जाताना कतारचं एकेरी रोखीनं बघा. नागपूर-दोहा-टोरंटो, एकदाच बदलायचं, पहिल्यांदा एकट्या जाऊन राहिल्या म्हणून म्हणतो. येताना दिल्ली चालते, तोवर तुम्ही एक्स्पर्ट होऊन जासान. आणि तिकीट काढताना व्हीलचेअरची मदत मागा. चालता येत नाही म्हणून नाही, भोंग्यातलं इंग्रजी समजत नाही म्हणून. माणूस गेटापर्यंत नेऊन सोडते.

---

खामल्याच्या_काकू | ८ नोव्हेंबर, दुपारी १.०५

व्हीलचेअर नाही बाई. मी रोज अंबाझरीला तीन फेऱ्या मारते. कोणी ओळखीचं भेटलं तर?

---

धरमपेठेची_मुलगी | ८ नोव्हेंबर, दुपारी १.४०

काकू, दोहात कोण ओळखीचं भेटणार?

---

खामल्याच्या_काकू | ८ नोव्हेंबर, दुपारी १.५२

नागपूरहून डायरेक्ट विमान आहे म्हणता ना. सगळे ओळखीचेच असतील.

---

खामल्याच्या_काकू | २९ नोव्हेंबर, रात्री ९.३०

काय झालं ते सांगायला आले. तुम्ही एवढं लिहिलंत आणि मी गायब झाले असं नको.

पहिले दहा दिवस सीटच दिसत नव्हती. नागपूरपर्यंतची तर नाहीच. टोरंटो-दिल्ली दिसायची आणि दिल्ली-नागपूर नाही. हे रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मोबाइल घेऊन बसायचे, जसा कापसाचा भाव बघतात तसे. मी म्हटलं दिल्लीपर्यंतचं काढू, पुढचं वेगळं काढू. तर म्हणतात, सोनेगावकरांनी एक तिकीट म्हटलंय. सोनेगावकर भाऊ, तुमचं नाव आमच्या घरी आता वकिलासारखं घेतलं जातं.

मग एका मंगळवारी जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली एक तारीख निघाली, टोरंटो-दिल्ली-नागपूर, एकच तिकीट. धरमपेठेच्या ताईंनी सांगितलं तसं नाव भरून शेवटच्या पानापर्यंत गेलो. अडलं. म्हणजे सीट खरी. मग पॉइंट पाठवायला बसलो तर खात्यात ह्यांचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र चिकटून गेलेलं, मधे जागाच नाही. कार्डावर जागा आहे. ते नीट करून घेण्यात एक दिवस गेला, आणि त्या रात्री मला झोप नाही की सीट जाते की राहते. राहिली. ३० हजार पाठवले, ६० हजार झाले, तिकीट निघून थोडे उरलेसुद्धा.

डॉलरचे पैसे जावयांनी त्यांच्या कार्डानं भरून टाकले. मला विचारलंच नाही. लेकीनं फोनवर सांगितलं, आता गप्प बस. ठीक आहे, बाळाच्या वाळ्यांत वळते करीन. वाळे सराफ्यातूनच घेणार आहे आणि रोखीनं घेणार आहे, कार्डावर पॉइंट येत नाहीत ते आता पाठ झालंय.

जाण्याचं कतारचं काढलं, एकेरी, पैशानं, नागपूरहून. मिहानच्या पोरा, तुझ्या आईला जो कागद लिहून दिला होतास त्याचा फोटो टाक ना इथे. मला तोच पाहिजे.

आता नवीन भानगड. मायक्रोवेव्हवाल्या भाच्याला हे सांगत होते की परतीचं पॉइंटांनी काढलं कारण तारीख पक्की नव्हती. तेवढ्यात कार्डातले १३,६०० ह्यांना आठवले. म्हणतात, बारशाला येतो म्हणालो होतो ना, मग माझं काय? एका बाजूला पुरत नाहीत म्हटलं. तर म्हणतात, जावयांकडे भरपूर आहेत ना? मी त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणतात, सासू गेली तर नणंद बोलेल, सासरा गेला तर कोण बोलणार आहे?

---

सोनेगावकर | २९ नोव्हेंबर, रात्री १०.१०

ताई, यजमानांना सांगा, बारसं साधारण कधी ते लेकीला विचारून एप्रिलच्या तारखा आजच बघायला लागा. आणि जावयाच्या खात्यातून काढणार असाल तर यजमानांच्या पासपोर्टावर नाव दोन शब्दांत आहे की एका, ते आधी बघा.